मसाज कँडल दगड होते, नाहीतर थिजतच नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

मसाज कँडल म्हणजे मेण आणि तेलांची अशी मेणबत्ती, जी पेटवायची, विझवायची आणि वितळलेलं कोमट तेल अंगावर ओतून चोळायचं. खालीलपैकी तुमच्या डबीत काय दिसतंय ते आधी बघा.

मेणबत्ती इतकी कडक झालीय की नखाने ओरखडा पडत नाही आणि अर्धा तास पेटवली तरी वातीभोवती रुपयाएवढंच तळं होतं. किंवा उलट, दोन दिवस झाले तरी बोट लावलं की वरचा थर खचतो, डबी तिरकी केली की कडेने तेल ओघळतं. वर घामासारखे तेलाचे थेंब येतात. चिमटीत चोळलं तर रवा लागतो. वात पेटते आणि दोन मिनिटांत तेलात बुडून विझते, किंवा चटचट आवाज करत जळते. आणि सगळ्यात निराश करणारं लक्षण म्हणजे, वितळतं झकास, वासही छान येतो, पण अंगावर ओतल्यावर मिनिटाभरात मेणचट पापुद्रा धरतो आणि चोळलं की त्याच्या वळ्या निघतात.

मी पुण्यात गेली सहा वर्षं घरापुरत्या आणि नात्यागोत्यात वाटायला या मेणबत्त्या करते. वरचं प्रत्येक लक्षण माझ्या स्वतःच्या डब्यांत पाहिलंय आणि नंतर नागपूरच्या नणंदेच्या, रत्नागिरीच्या मावशीच्या आणि त्यांच्या मैत्रिणींच्या डब्यांतही फोनवरून निस्तरलंय. जवळपास प्रत्येक वेळी फोन येतो तेव्हा समोरच्या बाईने आधीच एक गोष्ट केलेली असते: मेण वाढवलेलं असतं. सैल झाली, घाल मेण. रवा धरला, घाल मेण. मेण वाढवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे, कारण मेणबत्ती घट्ट करणारं तेच मेण अंगावर पापुद्रा होऊन बसतं. तेव्हा आधी फुकटातल्या गोष्टी तपासू.

बोलायला सोपं जावं म्हणून माझं नेहमीचं प्रमाण सांगते, २०० ग्रॅमचं: सोया वॅक्स (सोयाबीनच्या तेलापासून केलेलं मेण) १०० ग्रॅम, कोकमतेल ३०, खोबरेल ४०, तिळाचं तेल ३०. सुगंधी तेल यावर फक्त २ ग्रॅम. पुण्यात पावसाळा संपल्यापासून थंडी पडेपर्यंत हे बिनतक्रार चालतं.

थांबा, आणि खोलीचं तापमान बघा

ओतल्यावर पूर्ण एक दिवस हात लावू नका. वरून थिजलेली दिसली तरी आतली चरबी अजून जमत असते. चार तासांनी मऊ लागणारी डबी दुसऱ्या दिवशी नेमकी हवी तशी झालेली मी कितीदा पाहिलीय. एक दिवस झाल्यावरच ती सैल आहे की कडक ते ठरवा.

मग खोली. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. हा एकच आकडा लक्षात ठेवलात तरी निम्मी कोडी सुटतात. थंडीत न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली गोठते आणि आपण ती कोमट पाण्यात उभी करतो, उन्हाळ्यात तेच तेल पाण्यासारखं वाहतं. तुमच्या डबीतलं खोबरेलही तेच करतं. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० च्या आसपास येतो; तेव्हा वरच्या प्रमाणातलं ४० ग्रॅम खोबरेल घट्ट पदार्थांच्या बाजूला जाऊन बसतं आणि मेणबत्ती दगड होते. मे महिन्यात तेच ४० ग्रॅम पातळ तेलांच्या बाजूला येतं आणि डबी गळते. तुमचं काही चुकलेलं नसतं, फक्त ऋतू बदललेला असतो.

म्हणून मी वर्षातून तीनदा प्रमाण बदलते. थंडीत सोया वॅक्स ८०, कोकमतेल २०, खोबरेल ५०, तीळतेल ५०. कडक उन्हाळ्यात सोया ११०, कोकमतेल ५०, खोबरेल २० आणि तीळतेल २०. उन्हाळ्याच्या प्रमाणात मेणापेक्षा कोकमतेल जास्त वाढवलंय, ते मुद्दाम. कोकमतेल ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे खोलीत बऱ्यापैकी टिकतं आणि बाकीच्या तेलांबरोबर अंगावर चोळलं की विरघळतं. मेणाला हे जमत नाही.

नागपूरसाठी मात्र खरं सांगायला हवं. मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या आसपास जातो. पंख्याखालच्या खोलीत तेव्हा घट्ट राहील आणि तरीही अंगावर मेणचटणार नाही, असं प्रमाण मला सापडलेलं नाही. तिथे घट्ट झाकणाची डबी घ्या, फ्रिजच्या दारात ठेवा, वापरायच्या तासभर आधी काढा. मेण ओतत राहू नका.

वजनकाटा

वाटी, चमचा, कप यांनी मापलं असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी काट्यावर करा. १०० मिलिलिटर तेलाचं वजन साधारण ९२ ग्रॅम भरतं. सोया वॅक्स तर पापुद्र्यांचं येतं, एक वाटी दाबून भरली की हलकेच भरली यात बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटल्या.

पाणी

वात चटचट वाजत असेल, वितळवताना बुडबुडे येत असतील, तळाशी धुरकट थेंब दिसत असतील, तर पाणी शिरलंय. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवताना वाफेचे थेंब आत पडतात. पाणी हलकंच उकळू द्या आणि वर झाकण ठेवू नका. भांडी, चमचा, डबी कोरडी ठणठणीत हवीत.

दुसरं कारण कोकणातल्या लोकांना पटकन ओळखू येईल. घरचं कोकमतेल, ज्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, ते बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला तवंग काढून केलेलं असतं. मावशीकडून येणारे ते मुठीएवढे गोळे मला बाजारच्या पांढऱ्या कोकम बटरपेक्षा कितीतरी प्रिय आहेत. टाचांच्या भेगांना लहानपणापासून तेच लावत आलोय. पण त्यात ओल राहिलेली असू शकते. लोणी कढवताना जसं बुडबुड्यांचा आवाज थांबेपर्यंत थांबतो, तसंच मंद आचेवर आवाज थांबेपर्यंत ते गरम करा आणि मलमलच्या कापडातून गाळा. त्यानंतरच काट्यावर घ्या. हे केल्यापासून माझी वात एकदाही चटचटलेली नाही.

रवा धरलाय

साजूक तूप रवाळ झालं की आपण खूश होतो. तूप हळूहळू निवतं, त्यातली लवकर थिजणारी चरबी आधी एकत्र येऊन दाणा धरते, बाकीची सभोवती पातळ राहते. मेणबत्तीत नेमकं हेच होतं, फक्त इथे ते नको असतं. शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तेल) घातलं असेल तर फारच लवकर होतं. रवाळ मेणबत्ती बिघडलेली नसते, अंगावर दाणे विरघळतातही. पण मध्येच तेलाचे कप्पे राहतात आणि ती सारखी जळत नाही.

उपाय दोन टप्प्यांत. सगळं पुन्हा वितळवून ७० अंशांपर्यंत न्या आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच ठेवा. दिसायला पातळ झालं म्हणून लगेच उतरवलं तर जुने बारीक दाणे आत शिल्लक असतात आणि निवताना त्यांच्याभोवतीच पुन्हा रवा जमतो. मग भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा. पातळ ताकासारखा दाटपणा आला, कडेला धुरकट दिसू लागलं की ओता. पत्र्याच्या डब्या असतील तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये. काचेचा पेला गरम असताना फ्रिजमध्ये ठेवू नका, तडकतो.

सुगंधी तेल ओतण्याच्या अगदी आधी, मिश्रण ५० अंशांच्या आसपास आल्यावर घाला. जास्त गरम असताना घातलं तर वास उडतो आणि संत्र्यासारख्या हलक्या तेलांची वाफ पेट घेऊ शकते. घामासारखे थेंब येणाऱ्या डब्यांत कित्येकदा सुगंधच जास्त झालेला असतो. नुसत्या सुगंधाच्या मेणबत्तीत चालणारं प्रमाण इथे चालत नाही, कारण हे अंगाला लावायचंय. १ टक्का पुरे, आणि तेही त्वचेला चालणारंच. दालचिनी आणि लवंगेची तेलं आग करतात. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर चट्टे येऊ शकतात. कापूर तर ज्वालेजवळ नकोच.

वात

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर वातीकडे वळा. पुष्कळजणी देवघरातली फुलवात किंवा समईची वात वापरतात. निरांजनात ती छान जळते, कारण तिला तुपाचा आणि ताटलीचा आधार असतो. इथे खालचं मेण वितळलं की ती आडवी होते, तरंगते आणि बुडते. विणलेली सुती मेणबत्तीची वात, खाली पत्र्याची चकती असलेली, हवी. दहा-बारा रुपयांचं काम आहे. ती आधी वितळलेल्या मेणात बुडवून ताठ वाळवा, म्हणजे पेटवल्यावर लगेच तेल ओढायला लागते.

विझत असेल तर वात बारीक आहे किंवा फार आखूड कापलीय. ५ ते ६ मिलिमीटर राहू द्या. ज्योत नाचत असेल, काजळी धरत असेल, तर जाड आहे किंवा लांब. माझ्या सहा सेंटिमीटर व्यासाच्या डबीत नीट बसलेली वात वीस-तीस मिनिटांत ओतण्यापुरतं तळं करते. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वरचा थर कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर मध्ये खड्डा पडतो आणि पुढे प्रत्येक वेळी तोच खोल होत जातो. वाळलेली फुलं, चमकी, रंग यातलं काहीही घालू नका. चमकीने वात चोंदते आणि फुलं पेट घेतात.

आता प्रमाण, पण आधी थेंबाची परीक्षा

लाडवाचा पाक आपण पाण्यात थेंब टाकून पाहतो, तशीच ही परीक्षा. वितळलेल्या मिश्रणाचे चार थेंब स्टीलच्या ताटलीवर टाका, पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आणि नंतर अर्धा तास बाहेर, ओट्यावर. हा अर्धा तास चुकवू नका. फ्रिजमधून काढल्याबरोबर काहीही घट्टच लागतं. तुमची मेणबत्ती राहणार आहे ती खोलीच्या तापमानात. अर्ध्या तासाने बोटाने दाबा. बोट बसलं पाहिजे, पण पलीकडे जायला नको. फ्रिजमधल्या घट्ट लोण्यासारखं.

मग तोच थेंब मनगटावर चोळा आणि दोन मिनिटं थांबा. त्वचेचा वरचा भाग साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो. त्या तापमानाला जे घट्ट राहतं ते पापुद्रा होऊन अंगावर राहतं. तेलकट ओल राहिली तर जमलं. मेणचट लागलं, तर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम तेल वाढवून पुन्हा थेंब घ्या. सैल असेल तर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम कोकमतेल वाढवा, आणि त्याने भागलं नाही तरच मेण. एका वेळी पाचच ग्रॅम. घाईने वीस घातले की उलट्या बाजूला जाता आणि मग मूळ प्रमाण काय होतं हेच कळेनासं होतं. वहीत तारीख, खोलीचं तापमान आणि चारही वजनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती वहीच उपयोगी पडते.

बिघडलेली डबी फेकू नका. वात ओढून काढा, पुन्हा वितळवा, दुरुस्त करा. फक्त खवट वास येत असेल तर फेकायचीच, ते तेल दुरुस्त होत नाही.

मेण खरंच सोया आहे का?

हे सगळं करूनही दगड किंवा पापुद्रा राहिला, तर मेणावर संशय घ्या. डबीत ओतायचं सोया वॅक्स साधारण ४५ ते ५२ अंशांत वितळतं. साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्त्यांसाठीचं सोया वॅक्स त्याहून कडक असतं आणि पिशवीवर दोन्हींना नुसतं ‘सोया वॅक्स’ लिहिलेलं असू शकतं. साधं पांढरं पॅराफिन, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीचं मेण, ६० अंशांच्या आसपास वितळतं. ते मिसळलेलं मेणही बाजारात मिळतं. चमचाभर मेण पाण्यावरच्या भांड्यात थर्मामीटर धरून सावकाश वितळवा. ५५ च्या पुढे गेलं तरी खडे दिसत असतील तर ते या कामाचं नाही, मग कितीही तेल घाला.

मधमाशीच्या मेणाचा प्रश्न मला सारखा विचारला जातो. ते चांगलं मेण आहे, मलमाला मी तेच वापरते. पण ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. सोयाच्या जागी तेवढंच वजन घातलंत तर डबी दगड होणार आणि तळं जास्त तापणार. वापरायचंच असेल तर सोयाच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करा आणि थेंबाची परीक्षा घेत खाली या.

अंगावर ओतण्याआधी

दाटपणा साधला म्हणजे तापमान आपोआप साधतं, असं नाही. पेटत्या मेणबत्तीतून कधीही ओतू नका. विझवा, निदान पाच मिनिटं थांबा, थर्मामीटर बुडवून बघा. ४२ च्या खाली आल्यावर आधी आपल्याच मनगटावर थेंब घ्या. ६० अंशांचं द्रव पाच-सहा सेकंदांत त्वचा भाजू शकतं, आणि तेल पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं. ओतायला चोच असलेलं जाड चिनी मातीचं भांडं सगळ्यात बरं. दिवाळीत अभ्यंगासाठी मुलांना हे लावायची हौस असते. मुलांसाठी मी ते वितळवून वाटीत काढते आणि कोमट झालं की हाताने लावते, मेणबत्ती त्यांच्या जवळ नेत नाही. तान्ह्या बाळाला सुगंधी तेल असलेलं काहीच लावू नका.

इथे थांबा

वितळवताना भांड्यातून धूर यायला लागला तर गॅस बंद करून झाकण ठेवा आणि हात लावू नका. पेट घेतला तरी तेच. पाणी कधीही ओतू नका, पेटतं तेल उसळून पसरतं. झाकणाने विझलं नाही तर घराबाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेलं मेण ओढून काढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नको. फोड आले, भाजलेला भाग तळहाताहून मोठा असला, चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर किंवा लहान मुलाला भाजलं असेल, तर थेट दवाखान्यात.

नवीन तेल वापरलं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस बघा. लाली, खाज, पुरळ आलं तर त्या डबीत ‘थोडं कमी’ करून पुन्हा प्रयोग करू नका. ती बाजूला ठेवा आणि दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना त्यात काय काय घातलंय ती वही घेऊन जा. बदाम, तीळ यांची अॅलर्जी असलेल्या व्यक्तीवर तर हा प्रयोगच नको. गरोदर असाल तर सुगंधी तेल घालण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एकाच मेणाच्या तीन खेपा, काट्यावर मोजून आणि वहीत लिहून, बिघडल्या असतील तर चौथी करू नका. दुकानदाराकडे त्या मेणाचा वितळण्याचा आकडा लेखी मागा. देत नसेल तर दुकान बदला.

आणि मैत्रिणींना आवडली म्हणून विकायचा विचार असेल, तर घरचा काटा आणि माझी पोस्ट पुरत नाही. अंगाला लावायचं तेल हे सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि ते विक्रीसाठी बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. पहिली ऑर्डर घेण्याआधीच तिथे चौकशी करा.